गुडघ्याचा दर

म्हापशाच्या इस्पितळात
बिलांच्या काचेमागे मी बसते, अकरा वर्षं झाली.
पोदेराचा भोंगा वाजायच्या आधी
मला पौंडाचा भाव कळलेला असतो.

मंगळवारी दोन गुडघे आले,
एकाच आईकडून मिळालेले, हळदोण्याचे.
थोरली सेवेरिना, घर सोडून कुठं न राहिलेली.
धाकटी आर्मिंदा, स्विंडनहून.
पासपोर्ट पोर्तुगालचा,
पोर्तुगाल अजून पाहायचंय.

तिकडे फुकट असतं, आर्मिंदा सांगते,
पेनीसुद्धा लागत नाही,
फक्त पंधरा महिने थांबायचं.
थांबता थांबता गोदामातली पाळी गेली,
मग जिना गेला,
मग ती खालच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागली.
हे कुठल्या रकान्यात घालू, विचारावंसं वाटलं.
माझ्या संगणकात तसला रकाना नाही.

दोन लाख ऐंशी हजार, मी म्हटलं, एका गुडघ्याचे.
आर्मिंदानं मनात भागाकार केला:
"इतकेच?"
सेवेरिनानं मनात गुणाकार केला,
माडांचा, पाडेल्याच्या मजुरीचा,
आणि पाकीट उगाच उघडून मिटलं.
आकडा तोच होता,
कागद मी दोघींच्या मधोमध धरला होता.

शस्त्रक्रियेनंतर खोक्यावरची लेबलं फायलीत डकवायची असतात.
एकच कंपनी, एकच माप,
नंबर लागोपाठचे, चारशे सतरा, चारशे अठरा.
कुठलं कोणाचं, क्षणभर माझाही घोळ झाला.

व्यवस्थापकांना फलक लावायचाय,
विमानतळावरून येणाऱ्या रस्त्यावर:
तोच गुडघा, चौथाई किंमत, निकाल युरोपच्या तोडीचा.
त्यासाठी सहा आठवड्यांनी फॉर्म भरून घ्यायचा.
वेदना, शून्य ते दहा.
चालता किती?

आर्मिंदानं तिकडून पाठवला:
वेदना दोन. बसस्टॉपपर्यंत.
सेवेरिनाला मी फोनवर विचारलं.
"घाल गो चार.
इगर्जीच्या पायऱ्या चढते मी एकटी.
उतरताना आर्मिंदा लागते."
त्या चौकटीत अक्षरं बसत नाहीत.
मी चार घातले.

माझा बाप तोरशेहून पहाटेच्या बसनं बांबोळीला जातो.
ओळीत कुडाळचे, सावंतवाडीचे, कारवारचे,
प्रत्येकाच्या पिशवीत जुना एक्सरे आणि पेजेचा डबा,
एक्सरेला वाफ लागू नये म्हणून मधे पंचा.
यंदाची ही तिसरी तारीख.
आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या नातलगांना वीस टक्के सूट आहे.
त्याच्या नावानं मी बिल काढून पाहिलंय, दोनदा,
छापलं नाही.

परवा रात्री ओट्यावर बसून त्यानं विचारलं,
"त्या स्विंडनात काय पडतात?"
फुकट, मी म्हटलं. पण थांबावं लागतं.
"आणि बांबोळीत?"
फुकट.
"मग पुढारलोच की आम्ही,"
तो म्हणाला,
आणि दोन्ही हातांनी आपला पाय उचलून
दुसऱ्या पायरीवर ठेवला.