पाच मुद्दे

मेल्पोमेनी बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला:
लेखिकेच्या श्रद्धेचा ऱ्हास पाच मुद्द्यांत स्पष्ट करा.
'ऱ्हास'पाशी खडू मोडला
आणि मागच्या बाकावरचा लेफ्तेरिस फिस्सकन हसला.

पुस्तक पातळ आहे. रेइना पेराह्या,
आमच्याच गावची, थेसालोनिकीची.
ती लिहिते, शनिवारी अख्खं बंदर बंद असायचं,
क्रेना माना खाली घालून उभ्या,
हमाल धुतलेल्या सदऱ्यांत,
समुद्रालासुद्धा सुट्टी.
मी बंदरामागेच वाढले.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्रेचाळीसचा मार्च,
स्टेशनाजवळच्या वस्तीला फळ्यांचं कुंपण.
होत्या नव्हत्या तेवढ्या द्राख्मा काढून घेतल्या,
बदल्यात पोलंडच्या पैशांचा चेक,
सहीशिक्क्यासकट.
तिच्या वडिलांनी तो चार घड्या घालून
प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला,
म्हणजे हरवणार नाही.

डब्यात ऐंशी माणसं.
एक बादली पाण्याची, एक दुसरी.
शुक्रवार आहे असं कुणीतरी बोटांवर मोजून सांगितलं,
तेव्हा आईनं नसलेल्या दिव्यांपुढे
डोळ्यांवर हात धरले, दर शुक्रवारी धरायची तसे,
ओठ हलवले,
हात काढले.

इथं मी पेन्सिलनं रेघ मारली. मुद्दा पहिला.
पान उलटलं तर ती म्हणते, इथं नाही.
धुराड्याखालीही नाही, म्हणते;
तिथं मी त्याच्याशी रोज भांडत होते,
भांडायला कुणीतरी समोर लागतं.

मी रेघ खोडली.

पंचेचाळीसच्या ऑगस्टात ती परतली,
पायांत दोन वेगळे बूट, दोन्ही डावे.
आपल्याच घराचं दार वाजवलं.
उघडणाऱ्या बाईच्या अंगात आईचा एप्रन,
आत चुलीवर आईचं भांडं,
कांदापातीच्या वड्यांचा वास.
"कोण हवंय?" बाईनं विचारलं, तसं गोडच विचारलं.

'देवाचं काय घेऊन बसलात,' रेइना लिहिते,
'मी शेजारणीवर विश्वास ठेवला होता.'
त्या संध्याकाळी तिनं दिवे लावले नाहीत.
ठरवून नव्हे. भूक लागली होती,
भाजी चिरता चिरता राहून गेलं.

एवढंच. एका वाक्यात संपतं.
याचे पाच कसे करू?

संध्याकाळी बाबांच्या दुकानात गेले.
मासे साफ करायचा आमचा दगड,
संगमरवरी, मधोमध झिजून खोलगट झालेला.
लहानपणी नळ फुटला तेव्हा तो एकदा उलटवला होता.
खाली खोदलेली अक्षरं होती, गळाच्या आकड्यांसारखी.
मला वाटलेलं, कोळ्याच्या दुकानातला दगड,
त्यावर गळच असायचे.

"हा कुठून आला?"
बाबांनी सुरी थांबवली नाही.
"आजोबांनी विकत घेतला. लढाईत दगड स्वस्त होता.
चोरीचा नाही. पावती आहे."
"सहीशिक्क्यासकट?"

तेव्हा थांबली सुरी.
गिऱ्हाईक कल्ले उघडून माशाचा ताजेपणा बघतं
तसे ते माझ्याकडे बघत राहिले.
मग दोन बादल्या पाणी ओतलं,
खवले वाहून गेले,
आणि म्हणाले, "त्या बाजूनं धर. जड आहे."

परीक्षेत मी पाचही आकडे घातले, एकाखाली एक.
त्यांच्यापुढे मुद्दे नाही लिहिले.
आठवतील तशी ती अक्षरं काढली,
डावीकडून उजवीकडे, म्हणजे उलटीच,
वाचता येत नसताना, कुणाचं तरी नाव.

पेपर परत आला. गुण दिलेले नव्हते.
लाल शाईनं एवढंच:
हा दगड कुठे आहे?

पेपर दप्तरात आहे.
दगड दुकानाच्या भिंतीला टेकवलेला, तोंड बाहेर करून.
बाबा हल्ली लाकडी फळीवर मासे कापतात,
सुरी अडते, शिव्या घालतात,
आणि मांजरं सवयीनं
अजून त्या अक्षरांना चाटायला येतात.