सुळा जरा फिरवून

शनिवारी सहाला लॅबचं शटर ओढते,
नखांतलं प्लास्टर खरवडत रास्ता पेठेतून निघते.
नारायण पेठेतली शाळा, सातवी 'ब'चा वर्ग.
बाकात गुडघे मावत नाहीत,
तिरकं बसावं लागतं.
फळ्याच्या कोपऱ्यात सकाळची हजेरी: एक्केचाळीस.
आम्ही नऊ.
बँकेतून सुटलेले दोघं, एक निवृत्त कॅप्टन,
एक मुलगा, जो कधीच वाचून दाखवत नाही,
आणि मी. वय चोपन्न, धंदा कवळ्यांचा.

सर एकतीस वर्षांचे.
माझी पहिली कथा ऐकून म्हणाले,
"वृषालीताई, तुमची सगळी माणसं फार चांगली आहेत हो."
मला वाटलं, कौतुक.
शेजारच्या बाई वहीत बघून हसल्या, तेव्हा कळलं.
आमच्याकडे असंच सांगतात.

तीस वर्षं मी न पाहिलेल्या तोंडांत दात बसवतेय.
दवाखान्यातून डबा येतो,
आत मापं, चिठ्ठीवर आडनाव, वय, दातांची शेड.
चेहरा येत नाही.
पण खालचे चार दात उरलेले असतात कुणाचे,
एकाला बारीक खाच:
ही बाई दोरा दातानं तोडते.
एकाची दाढ घासून सपाट:
हा झोपेत कुणाशी तरी भांडतो.
हे मी कुठे लिहिलं नाही.
लिहायचं असतं, हेच माहीत नव्हतं.

माझ्या फळीवर श्रीखंडाच्या डब्यात एक कवळी आहे.
ढमढेरे, अडुसष्ट, शेड ए-तीन.
चौदा वर्षं झाली, न्यायला आले नाहीत.
त्यांच्यावर मी अकरा वेळा लिहिलं.
पहिल्या खर्ड्यात ते वारले.
चौथ्यात बायको वारली, मग चावायचं कुणासमोर?
वर्गात कुणीतरी नाक ओढलं.
सर म्हणाले, "हे तुम्हाला आधीच माहीत होतं.
लिहिता लिहिता काय कळलं?"
डेक्कनपर्यंत मी बसमध्ये त्यांना उत्तरं देत होते,
एकाहून एक.
कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं.

सोमवारी मेणात दात लावताना
बागवान उस्ताद आठवले, ज्यांच्या हाताखाली मी शिकले.
"सगळे सरळ लावलेस ना, तर कवळी दुकानातली दिसते.
सुळा जरा फिरव.
थोडी चूक पाहिजे.
पण ती त्याची पाहिजे बेटा, तुझी नको."

बर्नर विझवला.
बिलाच्या पाठीवर लिहायला बसले.

ढमढेरे जिवंत. बायकोही जिवंत, आणि कटकटी.
बाकीचे पैसे भरायला बहिणीनं दिलेले दोन हजार
त्यांनी उडवले.
कशावर, ते मला सांगेनात.
बुधवारपर्यंत मी वाट बघितली,
आमटी दोनदा लागली,
आणि गुरुवारी, पंपाच्या आवाजात,
सांगितलं एकदाचं:
गॉगल.

गॉगल लावून, ओठ घट्ट मिटून,
लक्ष्मी रोडनं चालले होते गृहस्थ, भर दुपारी.
कुणी ओळखू नये म्हणून
की ओळखावं म्हणून,
ते अजून माझं मला सुटलेलं नाही.

काल वाचलं.
कॅप्टननी चष्मा काढून पुसला, परत लावला.
सर गप्प. बाहेर शिपाई किल्ल्या वाजवत होता.
मग त्यांनी एवढंच विचारलं, "कसला गॉगल?"

"तपकिरी," मी म्हणाले,
"डाव्या काचेवर किमतीचं स्टिकर.
काढलेलं नाही."

वहीत तर हे नव्हतं.
मी पेन्सिल शोधायला लागले.