दीड कोडी

तालुक्याच्या शाळेत त्यांनी आमच्यापुढे
रबराची बाई निजवली.
कमरेखाली काहीच नाही तिला. पोरं हसली.
साहेब म्हणाले, छातीच्या मधोमध तळहात,
दोन इंच खाली, पुरती वर येऊ द्या,
तीस वेळा. मग दोन श्वास.
फागो नान्हे म्हणाला, म्हणजे दीड कोडी.
आम्ही ढिवर, मासळी कोडीनंच मोजतो.

कार्तिकात शिंगाड्याच्या वेलांतून
सत्यशीलाचं सातवीतलं पोट्टं काढलं मी.
ओठ जांभळे, मुठीत एक कच्चा शिंगाडा.
पाळीवर गाव ओरडत होतं :
उलटं धरा! कुंभाराच्या चाकावर फिरवा!
माझा आजा तसंच फिरवायचा.
किती फिरवले, त्यातले किती उठले,
कधी बोलला नाही.

आधी फुंकलं. तोंडात चिखलाची चव.
मग एक, दोन, तीन…
अकराव्याला आत काहीतरी कट्कन वाजलं.
हात गारठले माझे.
फागो म्हणाला, थांबू नको बे.

पाण्यातून काढून
जीव जाऊ देणं, एवढंच येत होतं या हातांना.
मरळ टोपलीत किती वेळ तडफडते,
मला पाठ आहे.

कितवी दीड कोडी होती, कोण जाणे,
त्यानं पाणी ओकलं, माझ्याच मांडीवर,
आणि रडलं.
गाडी घेऊन गेली त्याला.
शिंगाडा पाळीवरच राहिला.

आता बाजारात मासळी मोजताना
तिसावर आलो की हात थांबतात.
गिऱ्हाईक म्हणतं, मोज ना गा.
मी आधी दोन श्वास घेतो.