चौकशी

गणेशपेठच्या बसस्टँडवर एकोणीस वर्षं
चौकशीच्या खिडकीत बसले मी.
कोणती गाडी, कुठला फलाट, किती उशीर,
उमरेडमार्गे भिवापूर, रामटेकमार्गे देवलापार,
झोपेतून उठवून विचारलं तरी तोंडपाठ.
"माहीत नाही" हे दोन शब्द
त्या खिडकीतून कधी बाहेर पडले नाहीत.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार
धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर,
डाव्या हातात दोन सुया.
रक्त बाहेर जातं, गाळून परत येतं.
चार तासांत त्याच्या खेपा किती,
ही नोंद कोणी ठेवत नाही.

मे महिना होता. कूलरला वाळ्याचा वास.
लोकेश वैरागडे, आमचा टेक्निशियन,
रिपोर्टचा कोपरा नखाने सोलत उभा राहिला.
"ताई, तुमची मशीन बदलली जी.
आजपासून नऊ नंबर."
नऊ नंबर पडद्यामागे.
मशीनवर पिवळी पट्टी,
पट्टीवर एकच अक्षर : सी.
किडनी गेलेलीच होती,
आता काविळीची ही थोरली बहीण
यकृतात बिऱ्हाड करायला आलेली.

घरी भावजयीने माझ्या पेल्याला
नेलपॉलिशचा ठिपका लावला.
डॉक्टर म्हणाले, पेल्याने पसरत नाही हो, रक्ताने पसरतो.
तिने ऐकून घेतलं.
ठिपका राहिला.

दोन महिन्यांत आम्ही चौघं झालो पडद्यामागे.
मग चौकशी बसली.
दोन साहेब आले, हातमोज्यांचे खोके मोजले,
हेपरिनच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या,
तर्री पोहे खाल्ले,
आणि एकेकाला विचारलं :
कधी काही पाहिलंत का? आठवतं का काही?

आठवतं.
फेब्रुवारीतला शनिवार, शेवटची पाळी.
सहा मशिनी आणि माणूस एकटा लोकेश.
सात नंबरची सुई निसटली होती,
तो तिथे रक्त दाबून धरत होता,
तेवढ्यात माझं बीपी उतरलं.
छताचा पंखा लांब लांब गेला,
कानात कुठलीशी शिट्टी,
मी त्याला हाक मारली की नुसते ओठ हलले, देव जाणे.
तो धावत आला.
पाय वर केले, सलाइन सोडलं,
"ताई, डोळे उघडा, माझ्याकडे पाहा ना जी."
मी पाहिलं.
त्याच्या हातांवर तेच मोजे होते.
लाल.

मोजे बदलायला किती वेळ लागतो?
पंधरा सेकंद. वीस.
माझ्याकडे तेव्हा किती होते,
हे त्यालाही माहीत नव्हतं.

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं.
दाराशी लोकेश, मान खाली,
खिशात दोन्ही हात.
मी म्हटलं, माहीत नाही.

बारा आठवडे गोळ्या घेतल्या.
रोज एक, जेवणानंतर.
परवा रिपोर्ट आला : विषाणू आढळला नाही.
पण पट्टी तशीच.
रक्तात त्याची खूण राहते म्हणे,
गाडी सुटून गेली तरी
फलाटावरची पाटी कोणी उतरवत नाही तशी.

गुरुजींच्या गोळ्या अजून संपायच्या आहेत.
मडावी गुरुजी, आश्रमशाळेतले, आठ नंबर.
पहाटे चारच्या गाडीने देवलापारहून येतात,
येतानाच अर्धे होतात.
काल सुया लावून झाल्यावर
माझ्याकडे वळून म्हणाले,
"बाई, किती वर्षं तुमच्या आवाजावर गाडी पकडली मी.
तुम्ही सांगितलेला फलाट कधी चुकला नाही.
आता एवढं सांगा,
हा माझ्याकडे कुठून आला असेल?"

मशीन घरघरत होती.
पडद्यापलीकडे लोकेश कोणाचं तरी वजन लिहीत होता,
मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून.
मोजे नवे होते, पांढरे.

मी गुरुजींना म्हटलं,
तुमची परतीची गाडी आज
वीस मिनिटं उशिरा आहे.