दुभाष्याचा पगार

वर्षाला नव्वद पेसो, एक टोपी,
आणि तहाच्या दिवसांत मांस शिजेल तिथं बसायची मुभा.
एवढ्यावर मी बिओबिओ नदीचे दोन्ही काठ
तीस वर्षं एका जिभेवर वागवले.
काठ तसे सख्खे शेजारी,
पण एकमेकांना पाण्यात पाहणारे.

किल्ल्याच्या वहीत मी तोरिबिओ.
आईच्या चुलीपाशी न्यांकू, म्हणजे ससाणा:
उंच बसून दोन्हीकडचं बघणारा, म्हणायची ती.
बाप कुठल्या पलटणीतला
हे तिनं कुठल्याच भाषेत सांगितलं नाही.

त्या साली बोलावणं आलं लाल लोकरीच्या दोरीतून.
जितक्या गाठी तितके दिवस;
रोज पहाटे एक सोडायची.
शेवटची सुटली तेव्हा
कुरणावर दोन हजार घोडे होते,
दारूचे रांजण, निळीच्या पुड्या, चांदीच्या मुठीच्या काठ्या,
आणि मधोमध रोवलेली फोय्येची फांदी.
तिची पानं हिरवी आहेत तोवर
कुणी पातं उपसत नाही.

गव्हर्नरसाहेब उठले. म्हणाले,
"राजा आपल्या प्रजेला क्षमा करतो."
आता आईच्या बोलीत राजा नाही,
प्रजा नाही,
आणि मागितल्यावाचून क्षमा कशी देतात
हे मापुचेंत कुणाला ठाऊक नाही.
मी घसा खाकरला.
"समुद्रापलीकडचा म्हातारा विचारतोय,
तुमची पोरं, तुमची जनावरं, सगळी बरी आहेत ना?"

त्यांचा लोंको, पायनेमाल,
दुपार कलेपर्यंत बोलला.
पणजोबांपासून सुरुवात केली. एकेक ओढा नावानं घेतला.
कुणाचं घर कुठल्या हिवाळ्यात जळलं, जाळलं कुणी,
राखेत काय काय सापडलं.
लेखनिक वेर्देखोनं टाक दौतीत बुडवला,
माझ्याकडं पाहिलं.
"मान्य आहे म्हणतात," मी म्हणालो.
एक ओळ झाली. वर वाळू टाकून सुकवली.

संध्याकाळी कैद्यांची अदलाबदल.
त्यात एक बाई, चिय्यानची, बारा वर्षांपूर्वी नेलेली.
कपाळावर चांदीचा पट्टा, कडेवर एक पोर,
दुसरं तिची शाल मुठीत धरून.
भाऊ आला होता न्यायला, करकरणारे नवे बूट घालून.
"विचार तिला, यायचंय ना?"
विचारलं. आधी कास्तियन भाषेत, मग आईच्या.
तिनं पोराचं नाक अंगठ्यानं पुसलं
आणि नदीकडं बघत राहिली.

असलं वाक्य माझ्यापुढं कधी आलं नव्हतं.

"आनंदानं बोलवेना तिला," मी सांगितलं.
भावानं तिला खोगिरावर चढवलं.
मुलं?
मुलं तहात नव्हती.

रात्री विझत्या जाळापाशी
पायनेमाल शेजारी येऊन बसला.
भाजलेल्या पिन्योनची सालं सोलता सोलता
स्वच्छ कास्तियन भाषेत बोलू लागला,
लहानपणी कोन्सेप्सिओनात कुणाकडं तरी
पाणी भरलेला पोरगा बोलेल तशी:
"प्रजेचं तू छान निभावलंस.
'मान्य'सुद्धा समजू शकतो, तुझ्या मानेवरही एकच डोकं.
पण ती बाई..."
साल आगीत टाकलं.
पुढचं तो आपल्या बोलीत बोलला.
ते मी आजवर कुणाला उलगडून सांगितलेलं नाही.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेत त्या रात्रीपासून काहीतरी आहे,
घास घेताना रुततं.
टोपी अजून शाबूत आहे.
पेसो दोन वर्षांचे यायचे बाकी.