अर्धा सेकंद आधी

वडशाला रेल्वे फाटकाच्या अलीकडे माझं दुकान.
लग्न, बारसं, नाटकाची शूटिंग, डीव्हीडी करून मिळेल.
बोर्डावरचं 'मिळेल' उन्हानं खाल्लंय.

पार्बताबाई नाकाडे आल्या तेव्हा
मी एका साक्षगंधाचा मेन्यू बनवत होतो,
गुलाबाच्या चौकटीत नवरा, गुलाबाच्या चौकटीत नवरी.
पिशवीतून त्यांनी कॅसेट काढली,
कोंड्याचा वास होता तिला.
"मंडईतलं नाटक हाय. यात आमचे हे हायेत."
कोणत्या भूमिकेत, मी विचारलं.
"दिसत नाई ते. प्रामटर होते."

कॅसेट तीन तासांची, नाटक पहाटेपर्यंतचं.
पुढचं काय झालं ते कॅमेऱ्यालाही ठाऊक नाही.
टाइमलाइनवर मी रात्र अंथरली,
वर चित्राची पट्टी, खाली आवाजाची.
आवाजात नागपूरच्या हिरोईनचे सुळके,
नगाऱ्याचे दणके,
आणि तळाशी जनरेटर, गाळासारखा, सरसकट.
त्या गाळात एक माणूस
विंगेत, बॅटरीच्या उजेडात, वही मांडीवर घेऊन
कुठेतरी बसलेला असणार.

दोन दिवस हेडफोन लावून शोधला.
मग बाईंना सांगायचं वाक्यच तयार करून ठेवलं.

निदान चॅप्टर तरी टाकावेत म्हणून बसलो.
पहिला शून्यावर आपोआप पडतो, तो कुणालाच हलवता येत नाही.
दुसरा टाकला हिरोच्या संवादावर, अगदी तोंड उघडतं तिथे,
तर खूण सरकली मागे.
पुन्हा टाकली, पुन्हा मागे.
आधी माऊसला शिव्या दिल्या, मग आठवलं:
अख्खं चित्र असेल तिथेच चॅप्टर बसतो,
मधल्या फ्रेमा म्हणजे नुसता
काय बदललं त्याचा हिशेब.
त्यावर पाय ठेवता येत नाही,
मागच्या अख्ख्या चित्रावर यावं लागतं,
अर्धा सेकंद मागे.

वैतागून तिथूनच चालवलं.
आणि हिरोच्या आधी
तणसावर कुणी अलगद पाय द्यावा तसा आवाज आला:
"माय, या घराचा उंबरठा..."
मग हिरो गरजला, माय, या घराचा उंबरठा,
आणि मंडपात शिट्ट्या.

इतके दिवस मी ऐकत होतो बोलण्याच्या जागी.
तो राहत होता त्याच्या अलीकडे.

मग चॅप्टरमागून चॅप्टर.
मुनिमाच्या आधी तो, सुनेच्या आधी तो,
दारुड्याच्या बरळण्याच्याही आधी, शुद्धीत.
दुसऱ्या अंकात त्याला खोकला येतो
आणि सासरा, फौजदार, पिस्तूल रोखलेला खलनायक
सगळे थांबतात,
खोकला संपेपर्यंत कोणी कोणाला मारत नाही.
नव्व्याण्णव झाल्यावर सॉफ्टवेअरनं हात वर केले,
एका टाइमलाइनवर एवढेच.
तो अजून बोलतच होता.

बर्न करायच्या आधी इशारा आला:
टाइमलाइन संपल्यावर कुठे जायचं, ठरलेलं नाही.
मेन्यूवर? परत सुरुवातीला? की थांबायचं?
फोन करून बाईंना विचारलं.
"आता मी काय सांगू?" म्हणाल्या,
"ते तं सगळे गेल्यावर वही बांधूनच उठत."
मी थांबायचं निवडलं.
पण कॅसेट संपते तिथे कापायचा होता तो
रिकाम्या निळ्या पडद्याचा एक मिनिट
तसाच राहू दिला.

डिस्क न्यायला आल्या, म्हणाल्या, लावून दाखव.
स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला.
तेवढ्यात फाटक पडलं, कोळशाची मालगाडी आली,
काच, शटर, टेबल, सगळं थरथरलं,
पडद्यावर नुसती तोंडं हलत राहिली.
बाईंचंही.
मला वाटलं, जप करतात.

शेवटचा डबा गेला.
बाई म्हणत होत्या, "...उंबरठा,"
मग स्पीकरमधून तो, हळू, "उंबरठा,"
आणि मग हिरो.