डावं-उजवं

दाब.
धर.
सोड.

शनिवार सकाळपासून बाबा माझ्याशी एवढंच बोलतायत.
गाडी जॅकवर, पुढची चाकं माडाला टेकवलेली,
मी स्टेअरिंगमागे, एका पायाचीच काय ती माणूस.

पेडल दोनदा भरल्यासारखं वाटतं,
तिसऱ्यांदा चहात बुडवलेल्या पावासारखं
तळाशी जाऊन बसतं.

दाब.
धर.
अगं, धर म्हटलं ना.

जुने कॅलिपर खाऱ्या वाऱ्याने धरले होते,
म्हणून नवे आणले म्हापशाहून, पॅडसकट.
बाबांनी एका दुपारीत बसवले.
तेव्हापासून दोन दिवस आम्ही तेल पाजतोय गाडीला.
सलाइनची नळी मी दवाखान्यातून आणली, तिचं टोक
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत बुडवलंय.
आता तिच्यातून एकही बुडबुडा येत नाही.
म्हणजे हवा नाही, म्हणतात बाबा.
पेडलचं मत वेगळं.

होज चाचपून झाले. पिळलेले नाहीत.
तांब्याचे वायसर नवे. कुठे थेंब नाही.
मग मास्टर सिलिंडर गेला असणार, ते म्हणाले,
आणि इतका वेळ गप्प राहिले
की मला त्याची किंमत कळली.

गॅरेजला देऊ या, मी म्हणाले.
गॅरेज रायबंदरला.
मध्ये नदी, नदीआधी फेरीचा उतार,
उतारावर शेवाळ.
मयेवरून वळसा आहे, पण त्या चढावरून
उतरायलाही ब्रेकच लागतो.

बाबा फेरीवर तेहतीस वर्षं होते.
एकदा एक फियाट त्यांच्या डोळ्यांदेखत
मागे सरकत सरकत मांडवीत गेली.
मालक पोहत काठाला आला, चपला हातात घेऊन,
आणि पहिलं काय विचारलं, तर
तिकिटाचे पैसे परत मिळतील का.
हे सांगताना सगळे हसतात. बाबा हसत नाहीत.
त्यानंतर निवृत्त होईपर्यंत
प्रत्येक चाकाखाली त्यांनी स्वतः ओंडका सरकवला.

संध्याकाळी केतान आला, जाळं खांद्यावर,
वाकून बघितलं, आणि म्हणाला,
अरे दामोदर, ह्या ब्लीडरचं तोंड खाली कसं?
हवा वर जाते रे.
खालचं भोक उघडून तिला बाहेर ये म्हणतोस,
ती वर बसून तुला हसते.

बाबा उठले. गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले,
तोंड गाडीकडे, जसे उतारावर उभे राहायचे,
आणि दोन्ही हात पाहिले,
आधी एक, मग दुसरा.
खोक्यावर एल होतं, आर होतं.
त्यांनी आपल्या डाव्या हाताकडचं डावं धरलं होतं.
तेहतीस वर्षं समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचं
उजवं त्यांच्या डावीकडे होतं;
हे ड्रायव्हरांना ओरडून सांगणारा माणूस
स्वतःच्या अंगणात, गाडी उभी असताना
चुकला.

केतानने मासळीची पिशवी पायरीवर ठेवली आणि
काहीच न बोलता बॅटरी धरली.
अंधार पडेपर्यंत डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे.

दाब.
नळीत बुडबुडे. केवढे तरी.
धर.
सोड.
आणि सातव्यांदा की आठव्यांदा
पायाखाली काहीतरी ठाम लागलं,
रात्री चाचपडत शेवटची पायरी सापडावी तसं.
मी बोलले नाही. बाबांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असेल,
किंवा नसेल; ते जमिनीवर सांडलेलं तेल
राखेने पुसत होते.

सोमवारी पहिल्या फेरीला
गाडी थोडी डावीकडे ओढतेय अजून,
पॅड बसायला शंभर-दीडशे किलोमीटर जातील म्हणे.
उतारावर मी ब्रेक दाबते. गाडी थांबते.
बाबा बरोबर आलेत, काही काम नसताना.
खाली उतरून पुढे जाऊन उभे राहिलेत, हात वर,
ये, ये, अजून ये,
उजवा हात हलवतायत.
मी डावीकडे घेते.